डुकरिणीच्या कळा

फार वर्षांपूर्वी एका रानात एक वानर वैद्यकी करायचा. एका सकाळी त्याच्या झाडाखाली हरिणी आणि रानडुकरीण, दोघी बाळंतपणात अडल्या. वैद्याने हरिणीला लगेच पाला वाटून दिला.

"वैद्यबुवा, माझी बहीण गार पडत चालली आहे," डुकरिणीची थोरली बहीण म्हणाली.

"तुमची कातडी जाड. तुम्हाला सोसतं. थांबा थोडं."

ऊन माथ्यावर आलं. डुकरिणीचं कण्हणंही थांबलं. तेव्हा थोरलीने वैद्याला ढुशी देत तिच्यापाशी आणलं. त्याने पोटावर हात ठेवला आणि तो दचकला. धावत जाऊन त्याने पाला आणला.

डुकरीण वाचली. दोन पिल्लं जगली. तिसरं हललंच नाही.

"सकाळपासून तुम्ही तिला एकदाही हात लावला नव्हता," ते पिल्लू चाटत थोरली म्हणाली.