पहिली आंघोळ

“निखारा हातात धरलात, तेव्हा तुम्हाला खरंच काही वाटलं नाही?”

“नाही.”

“जरासुद्धा?”

“जरासुद्धा नाही,” लोटनबुवा म्हणाले आणि पुन्हा मेथी निवडायला लागले.

श्रीकर नाडगौडाने तिथेच, मेथीच्या देठांत, लोटांगण घातलं.

“बुवा, मला हेच शिकवा. बाकी काही नको.”

बुवांनी त्याच्या केसांत अडकलेली मेथीची काडी काढली. ती देठांच्या ढिगात टाकली.

पांझरा नदीच्या काठावरच्या या आश्रमात कुष्ठरोगातून बरे झालेले, पण घरच्यांनी परत न नेलेले लोक राहतात. औषधांनी त्यांचा रोग गेला. हातापायांतला स्पर्श काही परत आला नाही. लोटनबुवा या सगळ्यांचा सांभाळ करत. धुनीतून उडालेला निखारा त्यांनी उघड्या हाताने उचलून जागच्या जागी ठेवला, ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली होती, आणि पसरता पसरता शहरात श्रीकरच्या कानावर गेली होती.

श्रीकर मोठ्या हॉटेलांत पाणी तापवायचे बंब बसवायचा. त्या कामात त्याचं नाव होतं आणि ते नाव त्याला फार आवडायचं. पण कोणी जरा नाव ठेवलं की मनाला चटका बसायचा. चटके बसूच नयेत, असा उपाय त्याला हवा होता. अशा माणसांचं मला नेहमी हसू येतं, आणि थोडी मायाही वाटते.

“शिकवतो,” बुवा शेवटी म्हणाले. “आधी आमचा बंब नीट कर.”

इथे झेलाबाईबद्दल सांगायला हवं.

झेलाबाईच्या उजव्या कोपरापाशी तळहाताएवढी जागा जिवंत राहिली होती. रोज सकाळी सगळे टॉवेल खांद्यावर टाकून उभे राहत. झेलाबाई पाण्यात कोपर बुडवायची. “या,” म्हणाली की आंघोळी सुरू. कित्येक वर्षं साऱ्या आश्रमाची आंघोळ त्या एवढ्याशा कातडीवर चालली होती. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

गेल्या आठवड्यात ती “या” म्हणाली आणि दोघांचे पाय पोळले. त्यांना कळलंसुद्धा नाही. फोड दिसले तेव्हा कळलं. झेलाबाईच्या कोपरातला स्पर्शही गेला होता.

आता इथे पाणी ओळखणारं कोणी उरलं नव्हतं.

एका भल्या माणसाने विजेवरचा मोठा बंब पाठवला होता, पण त्याचा थर्मोस्टॅट मोडका. पाणी तापत सुटलं की थांबायचं नावच घेत नसे. श्रीकरने नवा थर्मोस्टॅट मागवला आणि कामाला लागला. आधी मेन स्विच पाडला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकले.

“खिशात कशाला?” बुवांनी विचारलं.

“माझा हात आत असताना कोणी चालू करू नये म्हणून.”

“म्हणजे हाताला जपतोस.”

“जपणारच.”

“आणि निखारा?”

श्रीकर जरा चिडला. “बुवा, ती गोष्ट वेगळी.”

“बरं,” बुवा म्हणाले.

टाकीला थर्मोस्टॅटचा सेन्सर घालायची नळी होती. ती क्षाराने गच्च बुजली होती. टाकी रिकामी करून ती साफ करायची म्हणजे सबंध दिवस गेला असता. श्रीकरला निखाऱ्याची घाई. त्याने सेन्सर टाकीच्या बाहेरून पत्र्याला बांधला; म्हणजे तो पाणी नव्हे, पत्रा मोजणार. जास्त तापलं तर वीज तोडणारा कट-आउटही तिथेच शेजारी अडकवला. असं कधी करू नका म्हणून हाच गृहस्थ आपल्या माणसांवर ओरडायचा.

सकाळी सगळे टॉवेल घेऊन उभे राहिले. बंबावरचा काटा चाळिसावर होता.

“झालं,” श्रीकर म्हणाला. “आता कोपर नको, काही नको.”

“हात लावून पाहिलास?”

“काटा आहे ना! हाताची काय गरज?”

बुवांनी नळ सोडला आणि धारेखाली हात धरला.

पाण्यातून वाफ उठत होती.

बुवांचा चेहरा शांत होता... अगदी शांत. डोळ्याची पापणीही हलली नाही.

श्रीकर बघतच राहिला. ज्यासाठी तो इतक्या लांब आला होता, ते त्याच्यासमोर हातभर अंतरावर घडत होतं. त्याचे डोळे भरून आले. हात जोडून तो पुढे झाला.

तेवढ्यात धारेचा एक शिंतोडा त्याच्या पायावर उडाला.

“आई गं!”

तो एका पायावर नाचला. नळ बंद करायला गेला, तर बोटंही पोळली. “आई गं! आई गं!”

रांगेतलं कोणी हसलं नाही.

सगळे त्याच्याकडे पाहत होते. एकाने खांद्यावरचा टॉवेल हळूच खाली घेतला, देवळात शिरताना पायातल्या वहाणा काढाव्यात तसा. झेलाबाई जवळ आली. त्याच्या पायाजवळ बसली. लाल झालेल्या जागेकडे डोळे मोठे करून पाहत राहिली.

“दुखलं का भाऊ?”

“हो.”

“लगेच कळलं?”

“हो...”

“कसं लागतं ते? सांग ना भाऊ. मी विसरत चालले.”

श्रीकरने पोळलेली बोटं तिच्यापुढे धरली. त्याने वर पाहिलं. बुवांचा हात मनगटापर्यंत लालभडक झाला होता. तळहातावर कातडी फुगून येत होती. बुवा त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसे पाहत होते.

“बुवा... तुमचा हातही?”

“मिसरूड फुटायच्या आधीपासून.”

“म्हणजे तो निखारा...”

“वास आला, तेव्हा कळलं की हात जळतोय.”

श्रीकरने तो हात धरून गार पाण्याच्या नळाखाली नेला. “गार वाटतंय का?” त्याने विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्याची मान खाली गेली.

बुवा हसले. “तू सांग.”

“गार आहे,” श्रीकर म्हणाला. “चांगलं गार आहे, बुवा.”

“मग राहू दे थोडा वेळ.”

बुवांच्या हाताला दवाखान्यातून पट्टी बांधून आणल्यावर श्रीकर बंबापाशी परत आला. मेन स्विच पाडला. फ्यूज खिशात टाकले. टाकी निवली तशी रिकामी केली. नळीतला क्षार खरवडून काढला आणि सेन्सर थेट पाण्याच्या पोटात बसवला. कट-आउटला वेगळा सेन्सर दिला, आणि मुद्दाम पाणी तापवून तो खरंच वीज तोडतो का ते उभं राहून पाहिलं. नळाकडे जाणाऱ्या पाइपावर गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवला. थर्मामीटर धरला. मग बाही वर केली आणि स्वतःचं कोपर पाण्यात घातलं.

“या,” तो म्हणाला.

त्या दिवशी आंघोळी दिवेलागणीला झाल्या. झेलाबाई सगळ्यांत शेवटी गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

बुवा पायरीवर बसले होते. श्रीकर खालच्या पायरीवर येऊन बसला.

“बुवा, मी तुमच्याकडे भलतंच मागत होतो.”

बुवांनी हूं केलं.

“आता बंब ठीक आहे. सेन्सर आहे, कट-आउट आहे. माझं काम संपलं. मी जाऊ?”

बुवांनी त्याच्या पायाकडे पाहिलं. रुपयाएवढा फोड आला होता.

“चुरचुरतं का अजून?”

“हो. फार.”

बुवा वाकले. श्रीकर पाय मागे घेणार, तोच पट्टी बांधलेला हात त्यांनी त्या फोडाच्या बाजूला अलगद टेकवला आणि मग आपल्या कपाळाला लावला.

“बुवा! हे काय करता?”

बुवांनी पट्टीचा हात पुन्हा मांडीवर ठेवला.

“चुरचुरतंय ना?... मग पाणी तुला कळतं. उद्या पहिली आंघोळ तुझी.”