आधी पाय, मग रामराम

बोरजाईवाडीत पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास दचकतो. समोरून गावकरी येतो, थांबतो, उजवा पाय धाडकन जमिनीवर आपटतो आणि मग हात जोडून हसत म्हणतो, “रामराम!” मागे जमीन मोजायला आलेला एक साहेब तर पिशवी टाकून पळत सुटला होता. तुम्ही नाही पळालात, म्हणजे धीराचे दिसता. बसा. बोरजाईदेवीच्या देवळापुढची ही काळी फरशी खालून पोकळ आहे, पाय आपटला की घुमते. आमची रीत इथूनच सुरू झाली, असे सांगतात.

गोष्ट आमच्या पणज्याच्या काळातली. गावचा बयाजी कणसे इंग्रजांच्या फौजेतून, पहिल्या महायुद्धात, बसऱ्याच्या लढाईला गेला होता. लेझमीत त्याच्यासारखा गडी पंचक्रोशीत नव्हता. हलगी कडाडली की म्हणे भरल्या ताटावरून उठायचा! तीन वर्षांनी परत आला तो हवालदार होऊन, छातीला चांदीचा बिल्ला लावून. तोफांच्या माऱ्यातून त्याने तीन जखमी गडी पाठीवर वाहून आणले होते. गावाने त्याला वेशीपासून मिरवत आणले.

पण बिल्ल्याबरोबर त्याने आणखी काय आणले, ते त्याच्या बायकोला, ठकूबाईला, तिसऱ्या दिवशी कळले. तिने चुलीपासून चार हाका मारल्या, तरी ओसरीवरचा गडी मान वळवीना. “अहो, मी काय भिंतीशी बोलते का?” म्हणत तिने हातातले मुसळ जमिनीवर आदळले, तसा पायाखाली हादरा लागून बयाजी झटकन वळला. तिने मागून जाऊन त्याच्या कानाशी टाळी वाजवून पाहिली. तो हललाही नाही. तोफांनी दोन्ही कान नेले होते.

“कुणाला सांगू नकोस. बोरजाईची आण घे,” तो म्हणाला. का म्हणून तिने खुणेने विचारले, तर नुसता बिल्ल्याकडे बघत राहिला. शेवटी तिने आण घेतली, तोंडातून शब्द काढणार नाही म्हणून.

मग काय, नवराबायकोची भाषाच निराळी झाली. एकदा पाय आपटला की जेवायला या, दोनदा आपटला की दारात कोणीतरी आलंय, आणि सारखा आपटत राहिली की बाई तापल्यात. हे शेवटचेच जास्त व्हायचे म्हणे!

घरात भागले, पण गावात कसे भागावे? लोक मागून “रामराम बयाजी” म्हणायचे आणि हा ताठ मानेने पुढे. “बिल्ला छातीला लागला, पण वारं डोक्यात शिरलं,” असे पाणवठ्यावर बायका ठकूबाईला ऐकवायच्या. ती ओठ चावून घागर उचलायची. गाव आपल्या माणसाला तोडणार, हा एकच घोर तिच्या जिवाला लागला होता.

आणि झालेही तसेच. यात्रेच्या दिवशी मानाचा नारळ बयाजीने फोडायचा होता. तो या फरशीवर, देवीकडे तोंड करून उभा होता. मागून तुळाजी पाटील आले आणि म्हणाले, “रामराम, हवालदार.” उत्तर नाही. पाटलांनी पुन्हा म्हटले, तिसऱ्यांदा म्हटले. मग मात्र त्यांचा पारा चढला.

“बास! सरकारनं मोठं केलं म्हणून गाव लहान झालं का? आजपासून या घराशी रामराम बंद!”

खेड्यात रामराम बंद झाला की माणूस जिताजागता मेला, मंडळी. ठकूबाईला रडू फुटले. बोलावे तर आण मोडते. आणि मग तिच्या ध्यानात आले की आण तोंडाची आहे, पायाची नाही. तिने पदर खोचला, फरशीवर आली आणि पाय आपटला. बयाजी वळला. तिने लेझमीचा ठेका धरला, धाड धाड धाडाड, आणि हलगी नाही, ढोल नाही, तरी बयाजीचे पाय बरोब्बर ठेक्यात पडू लागले! ती थांबली की तो थांबे.

पाटील बघतच राहिले. ठकूबाईने डोळे पुसत कानाला हात लावून मान हलवली, तेव्हा त्यांना उमगले. “अरे देवा, काय गाढवपणा केला आम्ही!” ते पुढे आले, पागोटे घसरेल इतक्या जोराने पाय आपटला आणि हात जोडले. बयाजीने असा दणदणीत रामराम घातला की शिखरावरची कबुतरं उडाली.

पण लगेच त्याने बिल्ला काढून पाटलांपुढे धरला. “हा माझा नव्हे, पाटील. हुकूम झाला होता मागं फिरा. माझे कान सकाळीच गेलेले. सगळे फिरले, मला ऐकूच आलं नाही, म्हणून मी एकटा पुढं गेलो! कान गेल्याचं कळलं की हेही कळेल, म्हणून लपवत होतो.”

आणि गावाला जे हसू फुटले! म्हातारे पोट धरून बसले. बयाजीने मान खाली घातली. तेवढ्यात ठकूबाईने त्याच्या पाठीवर थापा मारल्या, एक, दोन, तीन.

“आणि ही तीन माणसं काय कानांनी उचललीत?”

शब्द ऐकू आले नाहीत, पण थापा कळल्या. लढाईवरून आल्यापासून बयाजी पहिल्यांदा हसला. बिल्ला ठकूबाईनेच पुन्हा लावला, आणि त्या दिवशी सगळ्या गावाने पाय आपटून त्याला नाचवला.

आजही आमच्याकडे कुणी भल्या कामाला निघाला आणि चार जण “मागं फिर” म्हणाले, की तो म्हणतो, “माझे बयाजीचे कान!” गेल्या वैशाखात माझी नात फौजेत जायला निघाली. तिच्या आईने विनवले, मीही एसटीच्या दारात उभा राहून म्हणालो, “बाळे, मागं फिर.” पोरीने खिडकीतून दोन्ही कानांवर हात ठेवले आणि खुदकन हसली. मग काय करणार? डोळ्यांत पाणी आले, पण पाय आपटला आणि तिला रामराम केला.