तिसऱ्या गिअरबॉक्सची निवड

यंत्रं बोलत असत त्या काळी घाटाखालच्या एका गॅरेजात एक जुना ट्रक दुरुस्तीला आला. त्याच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा आतून चुरा झाला होता. दुसरा बसवून घाट चढता आला तरच ट्रक वाचणार होता, नाहीतर भंगारात जाणार होता.

हातोड्याने सभा बोलावली. एक दणकट, नुकताच रंगवलेला गिअरबॉक्स टाळ्यांच्या गजरात निवडला गेला.

"अहो, आधी मला धुवा!" तेल थंड करणारा कूलर ओरडला. "गिअरबॉक्सचं तेल माझ्यातून फिरतं. जुन्याचा चुरा माझ्या नळ्यांत बसलाय. तो नव्याच्या पोटात जाईल!"

"शुभकार्यात घाणीचं काय काढतोस?" हातोडा खेकसला.

नवा गिअरबॉक्स अर्ध्या घाटात बंद पडला. "मालच खराब निघाला," हातोड्याने जाहीर केलं. मग एक जुना गिअरबॉक्स उघडून, नव्या प्लेटा आणि सील घालून पुन्हा बांधला. कूलर बोंबलत राहिला. तोही अर्ध्या घाटात गेला.

तिसऱ्यासाठी सभा भरली तेव्हा ट्रक खाली लावलेल्या जॅकपुढे रडकुंडीला आला. "जॅकदादा, आता तरी कूलर धुवायला सांगा ना! आता बंद पडलो तर मला भंगारवालाच नेईल."

"धुवायला काय, सोपं काम आहे," जॅक म्हणाला. "पण आता धुतला, तर आधीचे दोघे आपणच मारले असं ठरेल. हातोडेसाहेबांना ते चालेल का?"

ट्रक संतापाने थरथरला. पण लगेच गप्प झाला. त्याची चाकं हवेत होती आणि खाली आधार होता तो जॅकचाच.