रिकाम्या घरट्याची राखण

"रोज बघत होते मी, गुरुजी. तरी कशी मेली?"

शाल्मलीच्या पुढ्यात उकरलेला खड्डा होता. शेजारी कासवाची अंडी, पिवळी पडलेली. वासावर माश्या जमल्या होत्या.

मयेकर गुरुजींनी एक अंडं फोडलं. आत अर्धवट घडलेलं पिल्लू. डोळे तेवढे झाले होते.

"कशी बघत होतीस?"

ती अंड्यांवरच्या माश्या हाकलू लागली.

"बाय, कशी?"

"...उकरून. हलक्या हाताने काढायचे, उजेडात धरायचे. होती तशीच परत ठेवायचे."

किनाऱ्यावरची अंडी कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचवायला कुंपणात आणून पुरतात. पुरल्यावर हात लावायचा नाही. अंडं नुसतं उलटलं तरी आतला जीव जातो. गावातल्या पोरांना हे शाल्मलीच शिकवायची. त्यासाठी कॉलेज अर्धवट टाकून ती इथे राहिली होती. बंदरावरची माणसं तिला 'कासवांची आई' म्हणून चिडवत. तिला ते आवडायचं.

"आत काय चाललंय कळत नव्हतं, गुरुजी. मला राहवेना."

"हं."

कुंपणात आता एकच घरटं उरलं होतं. हंगामातलं शेवटचं.

"ते मला द्या. डोळ्यांत तेल घालून राखीन."

मेलेली अंडी गुरुजींनी लांब नेऊन पुरली. मग रिकाम्या खड्ड्यात वाळू लोटली आणि घरट्यावर घालतात तशी वेताची टोपली त्यावर पालथी घातली.

"हे राख."

"यात तर काहीच नाही."

"नाही."

तिचे कान लाल झाले. पण बसली.

ऊन चढलं. कावळे आले, घुटमळले, निघून गेले. खांद्यावर जाळं घेतलेला एक तांडेल कुंपणापाशी थांबला.

"काय गो आई, पोरं उठली काय?"

तिने मान वर केली नाही.

संध्याकाळी गुरुजी परतले तेव्हा टोपली बाजूला पडली होती. शाल्मली वाळूत आडवी. हात खांद्यापर्यंत आत.



"मला वाटलं, एखादं राहिलं असेल."

गुरुजींनी तिचा हात धरून बाहेर काढला. बोटांवरची वाळू झटकली. टोपली पुन्हा जागेवर ठेवली.

"बरं झालं, बाय. आत कोणी नव्हतं."