फोटोखाली उतरलेलं वऱ्हाड

सभापती आप्पासाहेब नलवडे सहकुटुंब काश्मीरला गेले आणि बर्फात उभं राहून त्यांनी फेसबुकवर फोटो टाकला : 'बंगल्याला कुलूप, आता नुसती मजा!'

शेजारच्या शकुंतलावहिनींनी फोनवर विनवलं, "अहो, तो फोटो आधी डिलीट करा."

आप्पासाहेब गरजले, "नलवड्यांच्या फाटकाला हात लावायची छाती आहे कुणाची?"

संध्याकाळीच दोन अनोळखी माणसं मोटरसायकलवरून बंगल्याभोवती घिरट्या घालू लागली. वहिनींनी ताबडतोब त्या फोटोखाली लिहिलं : 'खुशाल फिरा. माझ्या पुतणीच्या लग्नाचं वऱ्हाड तुमच्या बंगल्यात उतरवलंय. अंगणात रात्रभर पत्ते रंगतात!'

झालं! घिरट्या थांबल्या, पण आप्पासाहेबच मिळेल त्या विमानानं येऊन थडकले. बघतात तर फाटकाला कुलूप तसंच, आत चिटपाखरू नाही.

"वहिनी, वऱ्हाड कुठाय?"

"ते फक्त तुमच्या फोटोखाली उतरलंय."

"असल्या थापेवर चोर विश्वास ठेवतात होय?"

वहिनी हसल्या. "आप्पासाहेब, बंगल्याची किल्ली तुमच्या खिशात होती, तरी तुम्ही काश्मीरहून धावत आलात. मग चोरांनी का नाही विश्वास ठेवायचा?"