झारीने लपवलेलं पाणी

मंडळी, रोप कोमेजलं तर भरवसा कोणावर ठेवाल, सल्ला देणाऱ्यावर की पाणी घालणाऱ्यावर? वस्तूंना वाचा होती तेव्हाची गोष्ट. द्वारकाकाकूंच्या परसात कुंडीतलं टोमॅटोचं रोप पिवळं पडलं, शेंड्याने मान टाकली. "चार दिवस बघते, नाहीतर उपटते," काकू म्हणाल्या. ते रोप झारीनेच वाढवलं होतं.

"कीड लागली असेल," तांब्या म्हणाला.

"कीड असती तर मी उपाशी असतो का?" कुंपणावरून सरडा बोलला.

खुरप्याने विचारलं, "झारीबाई, पाणी किती घालता?"

"सकाळी एकदाच," झारी म्हणाली. खरं तर शेंडा वाकलेला दिसला की तिला वाटे, बाळ तहानलंय. मग ती दुपारी घाली, संध्याकाळीही घाली. पण तसं सांगितलं तर सगळे तिलाच बोल लावतील, ही धास्ती.

"एकदाच ना? मग तहानच असणार," खुरपं म्हणालं. तुळशीचं उरलेलं पाणी घेऊन तांब्या लगेच कुंडीवर कलला.

झारीला राहवेना. "थांबा तांबेराव. मी तीनदा घालते."

खुरप्याने माती उकरली. आत नुसता चिखल, कुजका वास आणि कुंडीचं भोक बुजलेलं. त्याने ते मोकळं केलं. झारी तीन दिवस जीव मुठीत धरून रिकामी बसली. चौथ्या सकाळी शेंडा उभा राहिला.

तेव्हा मंडळी, मायेने घातलेलं पाणीही हिशेबात धरा आणि तो हिशेब खरा ठेवा, एवढीच विनंती.