राळ्याच्या उतारावरची हाक

तैवानच्या डोंगरात एक गाव आहे. सगळ्या उतारांवर चहा लावला आहे, मध्येच एक लहानसे शेत मात्र राळा या भरडधान्याचे राखले आहे. पाहुण्यांनी कारण विचारले की गावचे म्हातारे लोक उवांग पाइचू नावाच्या बाईची गोष्ट सांगतात.

पाइचूच्या लोकांची बोली म्हणजे दूर समुद्रातल्या बेटांवरच्या भाषांची बहीण, असे सांगतात. पण एक राज्य आले, मग दुसरे आले. दोघांनी शाळेत आपापली भाषा शिकवली आणि घरची बोली मुलांच्या तोंडून गेली. शेवटी ती बोलणाऱ्या दोघीच उरल्या, पाइचू आणि तिची नणंद नाऊ.

राळ्याच्या पेरणीला एकीने उतारावरून त्याच बोलीत हाक द्यायची, "खाली कोण आहे?" दुसरीने खालून म्हणायचे, "आम्ही सगळे आहोत." उत्तर आल्याशिवाय मातीत दाणा टाकायचा नाही, अशी रीत.

नाऊ वारली. त्या वर्षी पाइचूने हाक दिली, दुपारपर्यंत वाट पाहिली आणि बियाण्याची टोपली तशीच घरी आणली. पुढची दोन वर्षेही तेच. शेतात गवत माजले. मुलगा-सून तिची विचारपूस करत, पण ती दुसऱ्या भाषेत. पाइचू नुसती मान हलवी.

"आई, उत्तर मी दिले तर?" सून श्यूलानने एकदा विचारले.

"तुला कुठे येते!" पाइचू म्हणाली.

श्यूलान मैदानी मुलखातून लग्न होऊन आलेली. पण नाऊचे उत्तर तिने पंधरा पेरण्यांना ऐकले होते. चौथ्या वर्षी हाक आली, तेव्हा न सांगता खाली उभी राहून तिने तेच शब्द ओरडून म्हटले. उच्चार वाकडा होता म्हणे, शब्द मात्र बरोबर होते.

पाइचू धावतच उतरली. सुनेचे दोन्ही हात धरून बोलत सुटली, तीन वर्षांचे साठलेले सगळे, जुन्या बोलीत, हसत, रडत. मग तिने काहीतरी विचारले आणि थांबली. श्यूलान तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला तेवढे एक वाक्यच येत होते.

पाइचूने हात सोडले नाहीत. बऱ्याच वेळाने तिने टोपली उचलली आणि निम्मे बी सुनेच्या ओंजळीत ओतले.

आजही वरून हाक येते, खालून उत्तर जाते. मग सगळे गप्प उभे राहतात. पाइचूने काय विचारले होते ते कुणालाच ठाऊक नाही. त्याचे उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा थांबतात आणि पेरायला लागतात.